पाटीखालची नोटीस

रविवार, २ मार्च

आलो एकदाचे. सामान उतरवणाऱ्यांनी कपाट आत घेताना दाराच्या चौकटीचा टवका उडवला आणि या घरात माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते असं, "अरे बाबांनो, जपून! दुसऱ्याचं घर आहे!" हे खुर्चीवर बसून सगळं बघत होते. लगेच म्हणाले, "दुसऱ्याचं कसं? आपलं ना?" मी म्हटलं, "आपलंच हो, जिभेला सवय नाही अजून."

ही डायरी दातांचं साहित्य विकणाऱ्या कंपनीने फुकट दिलेली. दर वर्षी मी ती कुणाला तरी देऊन टाकते. यंदा ठेवली. जे यांना सांगता येत नाही ते कुठे तरी ओकायला नको का?

खरं असं आहे की घर आपलं नाही. अजून नाही. ज्या मास्तरीणबाईंचं होतं त्या गेल्या वर्षी वारल्या. आमच्या दवाखान्याच्या जुन्या पेशंट. त्यांची दातांची कवळी मीच केली होती. त्यांनी मृत्युपत्रात घर भाच्याला लिहून ठेवलं आणि भाचा ते आम्हाला विकतोय. पण ते मृत्युपत्र खरं आहे असं कोर्टाने तपासून शिक्का मारून द्यावं लागतं. प्रोबेट म्हणतात त्याला. तो शिक्का नाही तोवर भाचा मालक नाही. आणि भाचा मालक नाही, तर आम्ही कोण? वकीलसाहेब म्हणाले, "सध्या राखणदार म्हणून राहा हो ताई, मागे दुसरं कुणी नाही, काही होत नाही." आमचा फ्लॅट घेणाऱ्याला तीन तारखेला ताबा हवा होता. राहिलो असतो कुठे?

यांना मी सांगितलंय की सगळं पक्कं झालं. अर्धांगाचा झटका आल्यापासून पाच महिने हा माणूस चौथ्या मजल्यावर अडकला होता. लिफ्ट नाही. उजवा पाय ओढत खिडकीपर्यंत जायचे आणि खालच्या रस्त्याकडे बघत बसायचे. डॉक्टरांनी बजावलंय, टेन्शन द्यायचं नाही. घराचं कोर्टात अडकलंय हे कळलं तर यांचा चेहरा पांढरा पडेल. म्हणून कोर्ट हा शब्द मी घरात आणलेलाच नाही.

मंगळवार, ४ मार्च

कामावरून आले तर हे बाहेर! पुढच्या दोन पायऱ्या एकटे उतरून, फाटकापाशी खुर्ची टाकून बसलेले. व्यायाम करून घ्यायला येते त्या मुलीने खुर्ची ठेवली म्हणे, पण उतरले एकटे. मला बघून हात वर केला, लग्न ठरल्यावर करायचे तसा. मी आत जाऊन नळ सोडला आणि भरपूर रडून घेतलं.

घर तसं साधंच. एकामागे एक तीन खोल्या, मागे धुण्याची जागा. पण सगळं जमिनीवर. मला हे घर हवंच आहे. कुणी काही म्हणो.

गुरुवार, ६ मार्च

आज मेणात दात बसवताना हात दोनदा घसरला.

सकाळी साडेनऊला निघतच होते, तर फाटकात मोटारसायकल थांबली. खाकी पिशवी, हातात खळीचा डबा, काखेत कागदांची भेंडोळी. कोर्टाचा माणूस. मला म्हणाला, "बाजूला व्हा बाई," आणि आमच्या, म्हणजे त्या घराच्या, पुढच्या दारावर हा एवढा कागद फासला. वर मोठ्या अक्षरांत नोटीस. खाली लिहिलंय की अमुक बाई वारल्या, त्यांचं मृत्युपत्र कोर्टात आलंय, कुणी वारस असेल, कुणाचं काही म्हणणं असेल, तर तीस दिवसांत यावं.

"काढायचा नाही," तो म्हणाला. "फाडला तर गुन्हा आहे." मोबाइलवर फोटो काढला आणि गेला. झाकला तर चालेल का, हे मी विचारलं नाही.

हे न्हाणीघरात होते. यांना आंघोळीला आताशा अर्धा तास लागतो. दहा मिनिटांत बाहेर येणार, दार उघडून खुर्चीवर बसायला जाणार आणि हा कागद वाचणार. माझं डोकंच चालेना. मग खोक्यातून फ्लॅटवरची पाटी काढली. निळ्यावर पिवळ्या अक्षरांत आमचं आडनाव. लग्नानंतर यांनीच रंगवलेली. पस्तीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवल्या या माणसाने, पण घरच्या पाटीला जेवढे दिवस लावले तेवढे कुठल्याच दुकानाला लावले नसतील. चार स्क्रू मारले. पाटी कागदापेक्षा चारी बाजूंनी बोटभर मोठीच निघाली.

फाडला नाही हं मी. एक कोपरासुद्धा दुमडला नाही.

हे बाहेर आले, पाटी बघितली आणि डोळे भरून आले यांचे. "लावलीस होय! मला वाटलं विसरलीस." मी म्हटलं, "विसरेन कशी?" आणि बस गाठायला पळत सुटले.

मंगळवार, ११ मार्च

फाटकाची कडी वाजली की हातातलं टाकून मी खिडकीशी धावते. पेपरवाला, शेजारचं मांजर, कुणीही असो. दवाखान्यातही तेच. फोन वाजला की वाटतं, आलं कुणी तरी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ताई, तब्येत बरी आहे ना? त्या आजोबांच्या कवळीला एक दाढ जास्त लावलीत." एवढ्या वर्षांत पहिल्यांदा.

आणि आज आणखी एक. संध्याकाळी आले तर मोरीत चहाचे दोन कप. यांना विचारलं, दोन कशाला? म्हणाले, "दोनदा घेतला असेन." असेन म्हणजे? यांना आठवत नाही? दुसरा झटका हळूच येतो म्हणतात, आधी डोक्यात. रात्रभर यांचा श्वास मोजत पडेन आता.

शुक्रवार, १४ मार्च

भाचा फोनवर खुशीत होता. "आठ दिवस झाले काकू. बावीस उरले. अहो, मावशीला मूल ना बाळ, येणार कोण?" मी विचारलं, "नक्की ना?" तर जरा थांबला आणि म्हणाला, "नक्कीच." तो थांबला ते मला आवडलं नाही. रेंज गेली असेल.

मंगळवार, १८ मार्च

दोन कपांचा उलगडा झाला. अर्ध्या दिवसाची रजा टाकून अकराला घरी आले, यांना डॉक्टरांकडे न्यायचं म्हणून. बघते तर फाटकापाशी दोन खुर्च्या, दुसरीवर एक बाई. पन्नाशीच्या. साधी सुती साडी, मांडीवर पिशवी. हे हातवारे करून काही तरी सांगत होते आणि त्या हसत होत्या.

"ये ये," हे म्हणाले. "या आमच्या मंगळवारच्या बाई. बसने येतात, पाणी प्यायला थांबतात. यांना सांगत होतो, त्या केशकर्तनालयवाल्याने मला पाटीत कात्री उलटी काढायला लावली होती ते."

परक्या बाईला बसवलं म्हणून मी ओरडेन, या भीतीने दुसऱ्या कपाचं लपवलं, याबद्दल यांच्यावर चिडायला हवं होतं. पण माझं लक्ष बाईंच्या तोंडाकडे. धंद्याची खोड, दुसरं काय. माणूस हसला की मी दात बघते. खालचा पुढचा एक दात आडवा वळून शेजारच्याच्या मागे दडलेला. खालचा जबडा वरच्यापेक्षा किंचित पुढे.

डॉक्टरांनी यांना तपासलं. डोकं उत्तम आहे म्हणाले.

बुधवार, १९ मार्च

दवाखान्यात जुन्या पेशंटांच्या जबड्यांचे प्लास्टरचे साचे मागच्या फळीवर आहेत. जेवायच्या सुट्टीत स्टूल घेऊन चढले. मास्तरीणबाईंचा काढला. वरचे दात गेले होते, खालचे त्यांचे स्वतःचे होते. बघितला. परत ठेवला.

तसे दात पुष्कळांचे असतात.

शनिवार, २२ मार्च

पुष्कळांचे नसतात. सत्तावीस वर्षं मी हेच करतेय. तो दात, तो जबडा, दोन्ही एकत्र, तेही त्याच बाजूला. डायरीत तरी खोटं कशाला बोलू? ती मास्तरीणबाईंची मुलगी आहे. भाचा थांबला होता तो उगाच नव्हता.

आता काय करायचं? वकिलांना सांगितलं तर ते भाच्याला विचारणार, भाचा नाही म्हणणार. कोर्टात सांगितलं तर प्रकरण किती वर्षं चालेल देव जाणे, आणि तोवर आम्ही सामान घेऊन कुठे जाणार? पुन्हा जिन्याचं घर? यांना पुन्हा वर नेऊन ठेवू? या माणसाने काल फाटकापासून कोपऱ्यावरच्या झाडापर्यंत चालून दाखवलं.

आणि ती बाई तरी काही म्हणाली का? नुसतं पाणी पिऊन जाते. म्हणायचं असतं तर म्हणाली असती.

मंगळवार, २५ मार्च

हे आज फार बोलके. मी भाजी चिरत होते आणि हे सांगत होते. मंगळवारच्या बाईंनी विचारलं, घर कुणाकडून घेतलंत? यांनी छाती काढून सांगितलं, भाच्याकडून, सगळं पक्कं, कागदबिगद झाले, हिनेच सगळं केलं, मला कशाची तोशीस पडू दिली नाही. मग त्यांनी विचारलं, स्वयंपाकघर बघू का? यांनी दाखवलं.

"अगं, दहा मिनिटं उभ्या होत्या खिडकीपाशी. मग म्हणाल्या, खिडकी मोठी केली वाटतं." हे कपाळाला आठ्या घालून माझ्याकडे बघायला लागले. "खिडकी आधी लहान होती हे त्यांना कसं माहीत?"

"पूर्वी या भागात राहत असतील," मी म्हटलं. बोट कापलं. फार नाही.

"बिचाऱ्या एकट्या दिसतात," हे म्हणाले.

शुक्रवार, २८ मार्च

स्वप्न पडलं की पाटीच्या कडेने कागद वाढतोय. पिठासारखा फुगून बाहेर येतोय आणि मी हातांनी आत दाबतेय. उठून पहिलं दार बघितलं. पाटी आपली गुमान जागेवर. स्क्रू आणखी अर्धा फेरा पिळले.

मंगळवार, १ एप्रिल

रजा टाकली. समोरासमोर बघूनच घेऊ म्हटलं. काय बघून घेणार होते कुणास ठाऊक.

त्या अकराला आल्या. यांनी मलाच चहा टाकायला सांगितला. मी तीन कप घेऊन बाहेर आले, तर बाई मला म्हणाल्या, "वहिनी, तुम्ही दातांचं काम करता ना? हे सांगत होते. माझा हा एक बघा, लहानपणापासून आडवा आहे. आता हलायला लागलाय." आणि माझ्यासमोर तोंड उघडलं. भर उन्हात. मी वाकून बघितला. काय करणार?

"काढावा लागेल," मी म्हटलं.

"काढवत नाही हो. आईचाही अगदी असाच होता."

हे म्हणाले, "आई कुठे असतात?"

बाईंनी कप खाली ठेवला. "इथेच होती. या घरात." मग हळूहळू सगळं सांगितलं. आईच्या मनाविरुद्ध लग्न केलं. आईने सांगितलं, माझ्यासाठी तू मेलीस, आणि बावीस वर्षं शब्द पाळला. आता नवरा नाही. आई गेल्याचं त्यांना कुणी कळवलं नाही, वर्ष उलटल्यावर बाहेरून कळलं. भावाला, म्हणजे त्या भाच्याला, फोन केला तर त्याने उचलला नाही.

"म्हणून आले होते पहिल्यांदा," त्या म्हणाल्या. "विचारावं कुणाला तरी. पण दारावर तुमची पाटी दिसली. म्हटलं, विकूनही झालं. आता काय विचारायचं?" मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "वहिनी, कोर्टाचं काही आलं होतं का हो? आमच्या इथला एक जण म्हणाला, असं काही असलं तर नोटीस येते."

दार माझ्या पाठीमागेच होतं. मी म्हटलं, "मला नाही ठाऊक. ते सगळं वकील बघतात."

आणि हे, माझा भोळा शंकर, मोठ्याने हसले. "अहो बाई, कोर्टाची नोटीस अशी लपून राहते का? आली असती तर दारावर नसती लागली?"

बाईंनी दाराकडे बघितलं. पाटीकडे बघितलं. "हो, तेही खरंच," म्हणाल्या. "सुंदर अक्षर आहे तुमचं." चहा संपवला, कप स्वतः विसळून ठेवला आणि बारा दहाच्या बसला गेल्या.

तीस दिवसांतले चार उरले होते. धावत जाऊन बस थांबवता आली असती. मी खुर्च्या आत घेतल्या.

शनिवार, ५ एप्रिल

तिसावा दिवस. कोर्टाला आज सुट्टी, वकील म्हणाले सोमवारही धरायचा, पण संपल्यासारखंच. दिवसभर घर पुसलं. कुणी आलं नाही.

मंगळवार, ८ एप्रिल

यांनी दोन खुर्च्या मांडल्या. त्या आल्या नाहीत.

मंगळवार, १५ एप्रिल

आल्या नाहीत. हे म्हणाले, "आजारी असतील का गं? आपण पत्तासुद्धा नाही विचारला." मी म्हटलं, "येतील." न येवोत, असं मनात म्हणत होते. मनात म्हटलेलंही लिहायचं ठरवलंय, म्हणून लिहिते.

शुक्रवार, १६ मे

शिक्का मिळाला. घर आपलं. खरेदीचे कागद पुढच्या महिन्यात.

आजच्या पानावर एवढंच असायला हवं होतं.

भाचा संध्याकाळी स्वतः आला हुकुमाची प्रत घेऊन. मी स्वयंपाकघरात. यांच्यासमोर पाय पसरून बसला आणि म्हणाला, "सुटलो काका! तीस दिवस दारावर नोटीस होती, जीव मुठीत धरून बसलो होतो. पण नाही आलं कुणी."

"कुठली नोटीस?" यांचा आवाज.

मी पदराला हात पुसत बाहेर आले. हे भाच्याकडे बघत नव्हते, माझ्याकडे बघत होते. भाच्याला वाटलं, आजाराने विसर पडला असेल. समजावून सांगायला लागला, कोर्टाचा माणूस येतो, दारावर चिकटवतो, वकिलांनी पाठवलेल्या फोटोत बघा. फोटो दाखवला. दार आमचं. पाटी नाही, नुसता कागद.

भाचा गेल्यावर हे उठले. हत्यारांच्या डब्यातून स्क्रूड्रायव्हर काढला. डाव्या हाताने चारही स्क्रू काढले. मला हात लावू दिला नाही. त्या कामाला पाऊण तास लागला. पाटी खाली आली. खाली कागद कोरा करकरीत, ऊन नाही, पाणी नाही, कालच लावल्यासारखा. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत बोट फिरवत वाचला.

मी म्हटलं, "तुमच्यासाठी केलं हो."

हे म्हणाले, "जन्मभर लोकांना लांबून वाचता यावं म्हणून लिहीत आलो मी. माझ्या अक्षरांखाली दडवलंस?" कागदावरचं बोट उचलून म्हणाले, "आणि त्या बाईंपुढे खोटं माझ्या तोंडून वदवलंस."

मला ओरडले असते तर बरं झालं असतं.

सोमवार, १९ मे

वकिलांना आडवळणाने विचारलं. शिक्का झाल्यावर कुणी वारस उभा राहिला तर? ते म्हणाले, "नोटीस माझ्यापर्यंत पोचलीच नाही, असं सिद्ध केलं तर सगळं परत उघडू शकतं. पण ताई, मुळात वारसच नाही ना?"

नाही, म्हटलं.

हे जेवतात, औषध घेतात, मी विचारलं तर हो नाही एवढंच बोलतात. पाटी परत लावली नाही. दारावर चार भोकं.

मंगळवार, २७ मे

व्यायामवाली मुलगी मला दवाखान्यात फोन करून म्हणाली, "काकू, काकांनी कमाल केली! आज बसस्टॉपपर्यंत एकटे चालत गेले. काठी टेकत, पण एकटे! मी म्हटलं, सोबत येते, तर नको म्हणाले." पोरीला केवढा आनंद झाला होता. अर्धा मैल आहे तो स्टॉप. मार्चमध्ये कुणी सांगितलं असतं तर मी नाचले असते.

संध्याकाळी विचारलं, स्टॉपवर कशाला गेला होतात? हे म्हणाले, "बस बघायला."

मंगळवार, ३ जून

मुद्दाम रजा टाकली. साडेदहाला हे काठी घेऊन निघाले. मी मागून गेले, लांबून. स्टॉपवर उभे राहिले. बसायला बाक आहे, बसले नाहीत. प्रत्येक बस आली की पुढे होतात, उतरणाऱ्या एकेका बाईचं तोंड बघतात. एका कंडक्टरला काही तरी विचारलंसुद्धा. बारा दहाची गेली तेव्हा परत फिरले. मी आडोशाला झाले.

मला मेलीला आधी यांचा पायच दिसला. सरळ पडतोय. ओढत नाहीत आता.

मंगळवार, १० जून

उद्या खरेदीची सही आहे. यांचीही लागते. "कराल ना?" मी विचारलं. "त्या भेटल्या तर आधी त्यांना विचारीन," हे म्हणाले. "नाही भेटल्या तर करीन. तुला रस्त्यावर आणणार नाही मी." एवढं सलग वाक्य तीन आठवड्यांत पहिलंच.

साडेदहाला हे गेले. मी स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी. अकरा वाजले, साडेअकरा वाजले. बारा दहाची बस गेली असणार. साडेबारा. हे वाटेत पडले असतील असं आधी वाटलं, आणि मग वाटलं, भेटल्या असतील, दोघं बोलत बसले असतील, आता दोघं मिळून येतील. यातलं कशाला जास्त भ्यायले ते मला लिहवत नाही.

एकला फाटकाची कडी वाजली. मी जागची हलले नाही. कान देऊन पावलं ऐकली. काठी, पाऊल, पाऊल. काठी, पाऊल, पाऊल. दुसरी कुणाची नव्हती.

एकटेच आले. "पुढचीही बस बघितली. नाही आल्या," म्हणाले. मी देवाला हात जोडले.